क्रूझ नको, बेट हवं : त्रिनिदाद-टोबॅगोची सहल

कॅरिबियन म्हटलं की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे क्रूझ येते. मायामीला जहाजात बसायचं, सकाळी एका बेटावर उतरून टी-शर्ट घ्यायचे, संध्याकाळच्या आत परत चढायचं आणि रात्री बुफेत पनीर आहे का ते विचारायचं. त्यात वाईट काहीच नाही. पण यंदा उन्हाळ्यासाठी आई-बाबा पुण्याहून आले होते आणि बाबांना जहाजात काडीचा रस नव्हता. "वेस्ट इंडिजला जायचं तर पोर्ट ऑफ स्पेनला. बाकी ठिकाणी काय, वाळूच आहे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगो या जोडबेटांच्या देशाची राजधानी, त्रिनिदाद बेटावरची. १९७१ च्या वेस्ट इंडिज क्रिकेट दौऱ्याच्या वेळी ते शाळेत होते. ज्यांच्या घरी त्या वयाचे वडील आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

मलाही त्रिनिदादच हवं होतं, पण कारण वेगळं. हे बेट पर्यटकांवर जगत नाही. तेल आणि नैसर्गिक वायू हा तिथला मुख्य धंदा, त्यामुळे बार्बाडोस किंवा अरुबासारखी रिसॉर्टांची रांग तिथे किनाऱ्यावर नाही. तोटा असा की सगळं आपणच जुळवावं लागतं. फायदा असा की जे दिसतं ते पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं नसतं.

तारखा ठरवणं सोपं गेलं. अमेरिकेत मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी, आणि त्रिनिदादमध्ये ३० मे हा 'इंडियन अरायव्हल डे'. दोन्ही जोडून घेतले. १ जूनपासून चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो म्हणून बऱ्याच जणांनी आम्हाला घाबरवलं, पण नकाशा बघितला तर त्रिनिदाद अगदी दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या कुशीत आहे. वादळं बहुतेक वेळा वरून निघून जातात. टोबॅगोला १९६३ मध्ये 'फ्लोरा'ने झोडपलं होतं, आणि २०२४ च्या जुलैत 'बेरिल'ने शेजारच्या ग्रेनाडातलं कॅरिआकू बेट उद्ध्वस्त केलं, हेही तितकंच खरं. विमा काढला आणि निघालो.

कागदपत्रांचं एवढंच सांगते. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेत परत शिरायला अमेरिकेचा व्हिसा चालू आणि मल्टिपल एंट्रीचा असायला हवा. आई-बाबांचा तसा होता. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही : भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर लसीचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात. आई-बाबा पुढे दोन महिने आमच्याकडेच राहणार होते म्हणून आमचं निभावलं. त्रिनिदादहून परस्पर मुंबई गाठायचा बेत असेल तर लस आधी घ्या.

आणि हो, तिथे गुन्हेगारी आहे. टोळ्या आहेत, बंदुका आहेत; २०२४ च्या डिसेंबरअखेर सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. आम्ही रात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यवस्तीत भटकलो नाही, दागिने घरी ठेवले, आणि कुठली वस्ती टाळायची ते मुक्कामाच्या बाईंना रोज विचारलं. एवढं पथ्य पाळलं तर म्हातारी माणसं घेऊनही आरामात फिरता येतं.

शनिवार

न्यू यॉर्कच्या जेएफकेहून त्रिनिदादच्या पिआर्को विमानतळावर साधारण पाच तास. विमानातच आईला शेजारच्या सीटवरच्या आजींनी घरचा लाडू दिला, त्यामुळे उतरेपर्यंत दोघींची मैत्री झाली होती. भाषा मात्र आजींची इंग्रजी, आईची मोडकीतोडकी, आणि बाकी हातवारे.

भाड्याची गाडी घेतली. अमेरिकेचा परवाना चालतो. गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे नवरा पहिला तासभर प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर लावत होता आणि मागून बाबा "डावीकडे, डावीकडे" असा जप करत होते.

विमानतळाबाहेरच डबल्सवाला उभा होता. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (तिथे त्यांना 'बारा' म्हणतात), त्यावर रसरशीत छोले, चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा ठेचा. सगळं कागदात गुंडाळून हातात. 'स्लाइट' म्हटलं तर तिखट बेताचं. बाबांनी पुणेरी अभिमानाने भरपूर मागितलं. तिथली मिरची स्कॉच बॉनेटच्या घराण्यातली असते हे त्यांना माहीत नव्हतं. पुढची दहा मिनिटं त्यांनी मौन पाळलं. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास त्रिनिदाद डॉलर मिळतात आणि एक डबल्स साधारण एका अमेरिकी डॉलरात येतं. चौघांचं जेवण इतक्या स्वस्तात मी अमेरिकेत कधी केलेलं नाही.

रविवार

पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क सॅव्हाना हे प्रचंड मैदान आहे आणि त्याच्याभोवती एकेरी वाहतूक फिरते. सकाळी लोक धावत असतात, कडेला शहाळीवाले. पश्चिमेच्या बाजूला 'मॅग्निफिसंट सेव्हन' नावाचे सात वाडे आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, त्यातले बरेच मळेवाल्या-व्यापाऱ्यांनी बांधलेले. एक जर्मन धाटणीचा, एक स्कॉटिश किल्ल्यासारखा, एक फ्रेंच. कोको आणि साखरेचा पैसा त्या वेळी किती होता ते तिथे कळतं. काही दुरुस्त केलेत, काहींची रया गेलीये.

दुपारी मराकास बीच. डोंगरातून जाणारा हा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने बांधला. वळणं घाटासारखी, पण दोन्ही बाजूंना इतकं दाट जंगल की समुद्र मध्येच एकदम समोर येतो. रविवार असल्यामुळे सगळं शहर तिथे लोटलेलं. गाणी, बिअर, पोरांचं क्रिकेट. लोक 'बेक अँड शार्क' खायला रांगा लावतात : तळलेला पाव, त्यात मासा, आणि वरून तुम्ही स्वतः घालायच्या चटण्या. शार्क फार मारले जातात म्हणून मी दुसरा मासा मागितला. तो मिळतो, विचारावं लागतं एवढंच. आईने माशाशिवाय नुसता बेक घेतला आणि त्यात चिंच, शाडो बेनीची हिरवी चटणी, काकडी, अननस असं काय काय कोंबलं. शाडो बेनी म्हणजे लांब पानांची, कोथिंबिरीच्याच वासाची पण दसपट उग्र वनस्पती. आईने पान हुंगलं आणि बी कुठे मिळेल ते विचारलं.

सोमवार

हा दिवस बाबांचा.

क्वीन्स पार्क ओव्हल हे क्वीन्स पार्क क्रिकेट क्लबच्या मालकीचं खाजगी मैदान आहे. सामना नव्हता. फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने कारण विचारलं. बाबांनी इंग्रजीत वाक्य जुळवायला सुरुवात केली, मग सोडून दिली आणि फक्त "गावसकर. सेव्हन्टी वन," म्हणाले. त्याने फाटक उघडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९७१ च्या मार्चमध्ये याच मैदानावर भारताने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. त्याआधी इतक्या वर्षांत एकदाही नाही. कप्तान अजित वाडेकर. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकलेला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर इथे पदार्पण करत होता. ६५ आणि नाबाद ६७. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी वेस्ट इंडिजच्या सोबर्सला शून्यावर उडवलं, लॉइडलाही. त्याच मालिकेतली शेवटची कसोटीही इथेच झाली, तिच्यात गावसकरांनी दाढ ठणकत असताना १२४ आणि २२० केल्या. चार कसोट्यांत ७७४ धावा. त्रिनिदादच्या एका कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणंच रचलं. हरलेल्या संघाच्या गावात जिंकलेल्या फलंदाजाचं कौतुक गाऊन व्हावं, हे मला आजही नवल वाटतं. १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात चारशेच्या वर धावा केल्या त्याही इथेच.

बाबा पॅव्हिलियनच्या पायऱ्यांवर बसले. समोर नॉर्दर्न रेंजचे हिरवे डोंगर, मैदानावर पाण्याचे फवारे. मला वाटलं आता ते गहिवरतील. पण ते रखवालदाराशी वाद घालत होते. तो म्हणत होता तेव्हाचा खरा हिरो सरदेसाई. ६४२ धावा, आणि त्याही संघ अडचणीत असताना. बाबांना हे मान्य नव्हतं, पण नाकारताही येईना. दोघं तासभर भांडले, एकाला त्रिनिदादची इंग्रजी कळेना, दुसऱ्याला पुण्याची. मग रमाधीन निघाला, १९५० साली वेस्ट इंडिजकडून खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, आणि मग अर्थातच लारा. लाराच्या बाबतीत मात्र एकमत झालं.

आई आणि मी तोवर जवळच्या दुकानातून आंबे घेऊन आलो. 'जुली' नावाचा तिथला आंबा बुटका, चपटा आणि चवीला झकास. आईने एक खाऊन "बरा आहे" म्हटलं, म्हणजे फार आवडला. रत्नागिरीकर माहेर असल्यावर याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

मंगळवार

शहर सोडून दक्षिणेला निघालं की देश बदलतो. सपाट जमीन, एके काळी सगळी उसाची. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि आता तिथे घरं, भाजीमळे, गवत. घरांच्या अंगणात बांबूला लावलेले रंगीबेरंगी झेंडे दिसायला लागतात, त्यांना 'झंडी' म्हणतात. पूजा झाली की त्या त्या देवाच्या रंगाची झंडी लावायची. लाल दिसली की मारुती, एवढं आईला लगेच समजलं.

चगुआनासला मुख्य रस्त्यावर 'लायन हाउस' आहे, लेखक व्ही. एस. नायपॉलांच्या आजोबांनी १९२६ मध्ये बांधलेलं पांढरं, जाडजूड भिंतींचं घर. समोर कपड्यांची दुकानं आणि मॅक्सी-टॅक्सींचा (म्हणजे मिनीबसचा) गोंधळ. पाच मिनिटं थांबलो. पुढे चेस व्हिलेजला कुंभारांची दुकानं आहेत, दिवाळीच्या पणत्या तिथूनच बेटभर जातात.

मग कारापिचायमा. इथल्या दत्तात्रेय योग सेंटरच्या आवारात ८५ फुटी मारुती उभा आहे, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या प्रेरणेने २००३ मध्ये उभारलेला. फोटो काढणारे सगळे मारुतीपुढे. आई मात्र पाटी वाचून जागीच उभी राहिली. नरसोबाच्या वाडीला आणि गाणगापूरला जाऊन आलेल्या बाईला कॅरिबियनमध्ये दत्त भेटेल असं वाटलं नव्हतं. देऊळ दाक्षिणात्य पद्धतीचं, रंगीत, कोरीव. ती आत जाऊन "दिगंबरा दिगंबरा" म्हणू लागली तर बाजूच्या मुलीनेही सूर मिळवला, चाल थोडी वेगळी. बाहेर आल्यावर आईचा एकच प्रश्न : "औदुंबर कुठे लावलाय यांनी?"

तिथून दहा मिनिटांवर वॉटर्लू. समुद्रात शिरलेल्या बांधाच्या टोकाला एक छोटं पांढरं देऊळ. याची गोष्ट सगळ्या सहलीत मला सर्वांत जास्त लागली. शिवदास साधू (तिथे सीवदास म्हणतात) नावाचा उसाच्या मळ्यातला मजूर. त्याने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडलं, त्याला दंड आणि तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्याने ठरवलं की जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही. ओहोटीला चिखलातून सायकल ढकलत, दगड, सिमेंट, वाळू एकट्याने वाहून नेत त्याने पाण्यात भराव घातला आणि त्यावर देऊळ बांधलं. पुढची सगळी हयात यातच गेली. लोक वेडा म्हणायचे. लाटांनी देऊळ झिजलं. तो १९७० च्या सुमारास गेला. मग भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली त्या निमित्ताने, १९९५ मध्ये, सरकारने तेच देऊळ नीट बांधून दिलं. ज्या राजवटीने पाडलं ती इंग्रजांची, हे खरं. पण कंपनीची बाजू घेणारं न्यायालय, पोलीस, कारकून इथलेच होते, आणि बांधाच्या सुरुवातीला आज पुतळा आहे तो शिवदासचा.

देवळाजवळच किनाऱ्यावर स्मशान आहे. एका चितेची तयारी चालू होती. आम्ही हात जोडून निघालो.

चारच्या सुमारास करोनीची दलदल. सपाट बुडाच्या होडीतून खारफुटीच्या कालव्यांतून नेतात. नावाड्याने झाडावरचे वेटोळे घालून बसलेले साप दाखवले. बाबा पाय वर घेऊन बसले. मग मोकळ्या पाण्यात होडी थांबली आणि समोरच्या हिरव्या बेटावर लाल शराटी (स्कार्लेट आयबिस) उतरायला लागले. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. पिल्लं करडी असतात. खेकडे, कोळंबी खाऊन त्यातल्या द्रव्याने पिसं लाल होतात. सुरुवातीला चार-पाच, मग थवेच्या थवे. अंधार पडेपर्यंत झाडं हिरवी कमी आणि लाल जास्त. एवढ्या सुंदर पक्ष्याला खाणारेही होते. २०१८ मध्ये त्याला खास संरक्षण देऊन शिकारीचा दंड जबर वाढवला. मच्छरांचं मलम लावून जा.

बुधवार

ला ब्रेआचा पिच लेक हे डांबराचं तळं. शंभर एकरांच्या आसपास, आणि मध्यभागी सत्तर-पंच्याहत्तर मीटर खोल. जगातला नैसर्गिक डांबराचा सर्वांत मोठा साठा. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने याच डांबराने जहाजांच्या फटी बुजवल्या. वॉशिंग्टनच्या पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूला १८७६ मध्ये इथलंच डांबर लागलं होतं.

पाहायला कसं आहे? खरं सांगायचं तर एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या पार्किंगसारखं. पण चालायला लागलं की पायाखालची जमीन दबते. कुठे घट्ट, कुठे मऊ, मध्येच गंधकाच्या पाण्याची डबकी, त्यात स्थानिक बायका त्वचेसाठी डुंबत असतात. वाटाड्या घ्याच, कुठे पाय ठेवायचा ते त्यालाच कळतं. भूगर्भातलं तेल भेगेतून वर येतं, हलका भाग उडून जातो, जड भाग उरतो. गावातले रस्ते लाटांसारखे, घरं कललेली, कारण खालचं डांबर हलतं.

येताना डेबेला थांबलो. रस्त्याच्या कडेला ओळीने टपऱ्या : फुलोरी, सहिना, कचोरी, आलू पाय. सहिना म्हणजे अळूच्या पानांवर डाळीचं पीठ लावून, वळकटी कापून तळलेली आपली अळूवडीच, फक्त गूळ नाही आणि मध्ये चिरून आंब्याची तिखट चटणी भरलेली. आईने टपरीवाल्या बाईला पिठाचं प्रमाण विचारलं, तिने ते सांगितलंही. शाकाहारी माणसाला त्रिनिदादमध्ये उपासमार शक्यच नाही. डाळपुरी म्हणजे भरडलेल्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरून तव्यावर भाजलेली हातभर पोळी. तिच्यात बटाटा-चणे, भोपळा, चवळीच्या शेंगा आणि आंब्याची तलकारी (म्हणजे तरकारी) असं गुंडाळून घेतलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भूक लागत नाही.

गप्पा रंगल्यावर आईने तो प्रश्न विचारलाच, जो मराठी माणूस रेल्वेच्या डब्यात विचारतो.

"तुमचं गाव कुठलं?"

"पेनल," बाई म्हणाली. पेनल म्हणजे इथून पुढचंच गाव.

"नाही, त्याच्या आधी? मूळचं?"

बाईने जरा विचार केला. "मूळचं सिपारिया. लग्न होऊन पेनलला आले."

आईने मग पुढे विचारलं नाही. बाईने आणखी दोन सहिना बांधून दिल्या आणि सांगितलं की सिपारियाला गेलात तर चर्चमध्ये देवीचं दर्शन घ्या. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये सावळ्या वर्णाची मेरी आहे, ला दिविना पास्तोरा. हिंदू लोक तिला सिपारी माई म्हणतात आणि ईस्टरच्या आदल्या आठवड्यात रांगा लावून तेल, फुलं, तांदूळ वाहतात. आम्ही गेलो. चर्च बंद होतं, आईने बाहेरूनच नमस्कार केला.

गुरुवार

ईशान्य टोकाला, ग्रांद रिव्हिएरला. पोर्ट ऑफ स्पेनपासून जवळपास तीन तास, शेवटचा टप्पा अटलांटिकच्या कडेने, खड्डे आणि वळणं यांची स्पर्धा. गाव इवलंसं. पण मार्च ते ऑगस्ट रात्री इथल्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, आणि मे-जून हा ऐन बहर. या काळात रात्री किनाऱ्यावर जायला परवाना आणि गावातला वाटाड्या लागतो.

वेळासचा कासव महोत्सव आम्ही पाहिलाय. तिथे येतं ते ऑलिव्ह रिडले, माणसाला उचलता येईल एवढं. लेदरबॅक तीनशे-चारशे किलोचं, पाठीला कवच नाही, जाड कातडी, तीवर उभ्या धारा. वाटाड्याने लाल दिवा लावला. पांढरा दिवा, फ्लॅश, सगळं बंद. मागच्या वल्ह्यांनी मादी खड्डा खणत होती, इतक्या काळजीने की एकदा वल्ह्याने वाळू उचलली की ती बाजूला ठेवायची, उधळायची नाही. ऐंशीच्या आसपास अंडी. अंडी घालायला लागली की तिला आजूबाजूचं भान राहत नाही, त्याच वेळी माणसांना जवळ जाऊ देतात. डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं. आई हळहळली, तेव्हा वाटाड्याने सांगितलं की ते दुःख नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ.

पूर्वी याच गावात मांसासाठी कासवं मारली जायची. आता गावकरी राखण करतात आणि त्यावर त्यांचं पोट चालतं. गर्दी इतकी की एका मादीने दुसरीचा खड्डा उकरला, जुनी अंडी वर आली आणि सकाळी गिधाडं टपलेलीच होती. कुणी हाकललं नाही. मीच एकदा हाकलायला धावले.

शुक्रवार, ३० मे

सकाळी निघून दुपारी मध्य त्रिनिदादमधल्या एका गावच्या मैदानावर पोहोचलो. १८४५ मध्ये याच तारखेला 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. गुलामगिरी संपली होती, उसाला मजूर हवे होते. पाच वर्षांच्या कराराने माणसं आणली गेली. १९१७ पर्यंत ही आयात चालू राहिली आणि एकूण एक लाख चाळीस हजारांच्या वर लोक आले. मॉरिशसला मराठी माणसं गेली, रुजली. इथे आली ती बहुतेक भोजपुरी मुलखातली, आणि काही मद्रासहून. बऱ्याच जणांनी परतीच्या तिकिटाऐवजी जमिनीचा तुकडा घेतला.

मैदानावर शाळेच्या मुलांनी आगमनाचा प्रवेश केला. गाठोडी, कंदील, एक जाड्या मुलगा टोपी घालून इंग्रज मुकादम. भाषणं लांबली, ती सगळीकडे लांबतात. मग तासा पार्टी आली. बकऱ्याच्या कातड्याचे ताशे आधी शेकोटीभोवती तापवले, कातडं ताणलं गेल्याशिवाय कुणी वाजवेना. दोन ताशे, एक मोठा ढोल, एक झांज, आणि जे काही सुटले म्हणता! लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुका पाहिलेल्या बाबांनी बोटांनी ठेका धरून सांगितलं की आपल्याकडे पथकं मोठी, पण हा ताशा आपल्याहून गुंतागुंतीचा. आफ्रिकी वंशाची पोरं, भारतीय पोरं, एक चिनी चेहऱ्याचा म्हातारा, सगळे त्याच तालावर कंबर हलवत होते. नवऱ्याला ओढून नेलं. त्याचे व्हिडिओ माझ्याकडे सुरक्षित आहेत.

शनिवार

पिआर्कोहून टोबॅगोला विमानाने पंचवीसेक मिनिटं. जहाजही जातं, पण त्याला तीन-चार तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला तर पोट हातात. टोबॅगो निराळंच : छोटं, डोंगराळ, बहुतांश आफ्रिकी वंशाचे लोक, आणि पोस्टकार्डवरचा कॅरिबियन शेवटी इथे सापडतो. इंग्रज, डच, फ्रेंच, बाल्टिक किनाऱ्यावरच्या कूरलंडचे जर्मन अशा सगळ्यांनी हे बेट एकमेकांकडून तीसहून अधिक वेळा हिसकावलं.

पिजन पॉइंटला आई आयुष्यात पहिल्यांदा गळ्यापर्यंत पाण्यात शिरली. साडी नव्हती, माझा ट्रॅकसूट होता. बाकी दिवस लोळण्यात गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्टोअर बेवर नवऱ्याने खेकडा-डंपलिंग खाल्लं आणि शर्ट टाकून दिला.

रविवार

सकाळी काचेच्या तळाच्या होडीतून बुकू रीफ. प्रवाळांचा बराच भाग मेलेला दिसला. पुढे नायलॉन पूल : समुद्राच्या मधोमध वाळूचा उथळ पट्टा, पाणी कमरेएवढं. तिथे डुबकी मारली की वय कमी होतं अशी नावाड्याची हमी होती. बाबांनी तीनदा मारली.

दुपारी मेन रिज. हे जंगल १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने राखून ठेवलं गेलं, पश्चिम गोलार्धातलं सर्वांत जुनं संरक्षित जंगल म्हणून ते ओळखलं जातं. कारण पुण्यकर्म नव्हतं. झाडं गेली तर पाऊस जाईल आणि पाऊस गेला तर ऊस जाईल, हे लंडनमधल्या एका खासदाराने वर्षानुवर्षं मागे लागून पटवलं. सॉम जेनिन्स त्याचं नाव. स्वार्थासाठी का होईना, अडीचशे वर्षं जंगल टिकलं. गिल्पिन ट्रेसची वाट चिखलाची. तिथे गमबूट भाड्याने मिळतात, घ्या. गुंजन पक्षी इतके जवळून गेले की पंखांचा आवाज आला. आईला अर्ध्या वाटेवर बाकडं मिळालं, ती तिथेच बसली आणि म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी ऐकते इथून.

सोमवार

टोबॅगोहून पिआर्को, तिथून न्यू यॉर्क. परतीच्या सामानात कुचेलाच्या सीलबंद बाटल्या होत्या. कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं मसालेदार लोणचं. ताजे आंबे अमेरिकेत आणता येत नाहीत, म्हणून उरलेले सगळे जुली आंबे विमानतळावरच्या बाकावर बसून संपवले. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने आईला विचारलं, खाण्याचं काही आणलंय का. आईने प्रामाणिकपणे यादी सुरू केली : कुचेला, चिंचेच्या गोळ्या, डाळपुऱ्या सहा, त्यातल्या दोन वाटेत खाल्ल्या. त्याने बाटल्या पाहिल्या, डाळपुऱ्या उलटसुलट केल्या, आत काय आहे ते विचारलं आणि जाऊ दिलं. गाडीत बसल्यावर बाबांनी जमैकाची चौकशी सुरू केली. तिथलं क्रिकेटचं मैदान, सबायना पार्क.